लख्ख भिंत

इंजिनिअरसाहेबांनी तिसरीच्या वर्गाच्या भिंतीवर हात फिरवला आणि मोठ्या बाई बघतच राहिल्या. भिंतीला भेगच नव्हती.

शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत होती. छतापासून फरशीपर्यंत, पट्टी आत जाईल एवढी. रस्त्यावरून ट्रक गेला की भिंत थरथरायची आणि तिला टेकून बसलेली पोरं खिदळायची. बाईंचा जीव मात्र टांगणीला लागायचा. नव्या इमारतीच्या सरकारी निधीसाठी त्यांनी सहा वर्षं अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एकदाची पाहणी ठरली. आज साहेबांनी ‘धोकादायक’ असा शेरा मारला की काम फत्ते, एवढंच बाकी होतं.

आणि भिंतीवर ताजा पिवळा रंग!

“फोटोत तर केवढी भेग दिसतेय,” साहेब फाइल चाळत म्हणाले.

“आहे हो साहेब, आत आहे! सुट्टीत कुणीतरी बुजवलीय. थांबा, खरवडून दाखवते.” बाईंनी खरोखरच टेबलावरची पट्टी उचलली.

“बाई, माझ्यादेखत सरकारी भिंत फोडणार?”

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी दोनतीन ठिकाणी ठोकूनही पाहिलं. गिलावा पक्का होता. “मला आज दिसतं तेच लिहावं लागतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पुढची यादी तीन वर्षांनी निघेल. तेव्हा अर्ज करा.” त्यांनी ‘इमारत सुस्थितीत’ असं लिहून सही केली, चहा नको म्हणाले आणि गेले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी केला हा शहाणपणा? त्याला आज फाडून खायचं, असं ठरवूनच त्या व्हरांड्यात आल्या.

समोर शिपाईमामा उभे होते. धुतलेला गणवेश, नखांत सिमेंट, डोळे जागरणाने तांबारलेले. त्यांना पाहताच बाईंना शुक्रवार आठवला. खांद्याला पर्स लावून निघताना, तीस वर्षं प्रत्येक पाहुण्याच्या आधी म्हणायच्या तेच त्या म्हणून गेल्या होत्या: “सोमवारी साहेब येतायत हं, मामा. शाळा कशी लख्ख दिसली पाहिजे.”

ओठांवर आलेला शब्द बाईंनी गिळला. स्वतःचीच त्यांना इतकी चीड आली की डोळे भरून आले.

मामांना ते आनंदाश्रू वाटले.

“साहेब खूश झाले ना, बाई? दोन दिवस राबलो बघा. आता नवी शाळा देतीलच!”

“फार खूश झाले, मामा,” बाई म्हणाल्या, आणि तिसरीच्या पोरांना त्या भिंतीपासून लांब बसवायला आत गेल्या.