नाराज माणसांची यादी

"सरकारवर तुम्ही खूश आहात की नाराज?" पाहणीच्या बाईंनी फोनवर विचारलं.

"नाराज," म्हातारा घड्याळजी म्हणाला.

ते धडधडीत खोटं होतं. याच सरकारच्या दवाखान्यात त्याचे मोतीबिंदू फुकट निघाले होते. पण पाहणीचा नियम बाईंनी पहिल्याच फोनला सांगितला होता. जो नाराज, त्यालाच पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायचं. जो खूश, त्याचं नाव यादीतून बाद. आणि बायको गेल्यापासून त्याच्या घरी दुसऱ्या कोणाचा फोन येत नव्हता.

प्रश्न तीन मिनिटांचे, बोलणं अर्ध्या तासाचं. बाई त्याच्या खोकल्याची चौकशी करत, तो त्यांना जेवलात का विचारी. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "घरी माझी वाट कुलूपच पाहतं, काका."

त्या आठवड्यात दाढी करताना न्हाव्यानं त्याला पेपरातली बातमी ऐकवली. पाहणीत नाराजी आणखी वाढली, शेअर बाजार गडगडला, सरकार आता महिन्या-दोन महिन्यांचा सोबती. न्हाव्याचंही गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं.

"लोक नाराज म्हणून बाजार पडला, बाजार पडला म्हणून लोक नाराज," न्हावी म्हणाला. "पहिली काडी कोणी टाकली, देव जाणे."

घड्याळजीनं आरशातली नजर खाली घेतली.

पुढच्या फोनला तो म्हणाला, "खूश."

मग बाई म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा, काका."

"केलाय. ज्यांनी डोळे दिले, त्यांच्यावर किती दिवस डोळे वटारू?"

तब्येतीला जपा, एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यानं भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली नाही.

महिना सरला. ठरल्या सोमवारी तो मुद्दाम फोनकडे पाठ करून बसला. अकरा वाजता फोन वाजला.

"काका, सरकारवर तुम्ही खूश आहात की नाराज?"

"बाई, माझं नाव तर बाद झालं असेल. गेल्या खेपेला मी खूश म्हणालो होतो."

"म्हणाला होतात. मी नाराज लिहिलं." बाईंचा आवाज खाली आला. "तुमचंच नाही, काका. जे कोणी खूश म्हणतात, त्या सगळ्यांचं मी नाराजच लिहिते. नाहीतर पुढच्या महिन्यात माझ्याशी बोलायला कोण उरेल?"