माशांची शिडी

पिंजरा उघडायला अजून दहा मिनिटं होती आणि सदानंद कांबळेंनी तेवढ्यात चौथ्यांदा चष्मा पुसला.

"बाबा, बसा ना जरा," करुणा म्हणाली. त्यांची ही लेक स्वतः मात्र काठावर येरझाऱ्या घालत होती.

करुणा राहते त्या टूनगॅबी उपनगराच्या मागच्या ओढ्यावर जुना बंधारा आहे. बास नावाचा इथला मासा अंडी घालायला खाली खाडीकडे जातो आणि वसंतात पुन्हा वर यायला बघतो. बंधाऱ्याने त्याची वाट साठ वर्षं अडवली होती. तीन वर्षांपूर्वी कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बंधाऱ्याच्या कडेने दगडांची शिडी बांधली. हौशी मंडळींनी काठावरची विलोची परकी झाडं उपटून इथली देशी झाडं लावली. शिडीच्या वरच्या टोकाला जाळीचा पिंजरा बसवला. चढून आलेला बास त्यात सापडला, तर वरच्या अंगाचा दुसरा बंधारा फोडायचा. नाही सापडला, तर सगळं काम बंद. आजची तपासणी शेवटची. आजवर पिंजऱ्यात सापडलं काय, तर एक चप्पल.

सदानंदांनी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं बंधारेच बांधले होते. पहिल्याच बंधाऱ्याखाली, ऐन पावसाळ्यात, वर चढू बघणारे मासे काँक्रीटवर आपटताना त्यांनी पाहिले. दोन वर्षांत तिथले मासे संपले, मागोमाग मासेमारी करणारी घरंही गेली. खात्याने कागदावर 'नुकसान नाही' असं लिहिलं आणि सदानंदांना बढती दिली. हे त्यांनी फक्त करुणाला सांगितलं होतं, तेही एकदाच. लेकीकडे आल्यापासून मात्र रोजचं पालुपद एकच, "एक तरी मासा वर चढलेला बघून जाऊ दे." उद्या व्हिसा संपत होता.

म्हणूनच आज पहाटे या सरळमार्गी माणसाने जन्मातली पहिली लबाडी केली.

बंधाऱ्याखाली गळ टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्या बॅरीकडे त्यांनी काल दुपारीच जिवंत बास मागून ठेवला होता. बॅरी खो खो हसला. "आजचे तुम्ही दुसरे, मेट!" म्हणाला. सदानंदही उगाच हसले.

पहाटे लादी पुसायची बादली जागेवर नव्हती. शोधता शोधता ती करुणाच्या गाडीच्या डिकीत सापडली, तीही ओली. पोरीला वस्तू जागेवर ठेवायची सवय कधी लागणार, असं पुटपुटत त्यांनी दाराशेजारच्या खिळ्यावरून पिंजऱ्याची चावी घेतली. चावी एकच, आणि ती कौन्सिलने विश्वासाने त्यांच्याकडे दिलेली. पिंजऱ्यातलं पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. बॅरीकडून बादलीत आणलेला मासा आत सोडला, कुलूप लावलं आणि मागे न बघता घर गाठलं.

दहा वाजले. कौन्सिलची नदीतज्ज्ञ निहारिका, इथेच वाढलेली मुलगी, सदानंदांकडून चावी घेऊन पाण्यात उतरली. कुलूप निघालं, झाकण उघडलं.

"अंकल! बास! ओह माय गॉड, बास आहे!"

काठावर एकच जल्लोष झाला. कुणी मिठी मारली, कुणी पाठ थोपटली. सदानंदांना पिंजऱ्याकडे बघवेना. शरमेने त्यांचे कान तापले होते. गर्दीतून वाट काढून ते काठाकाठाने चालू लागले. करुणा मागोमाग आली. तिचाही चेहरा उतरलेला होता.

"बाबा, बघा तरी एकदा. एवढी वाट बघितलीत."

"नको. तो चढून आलेला नाही, करुणा. मीच आणून टाकलाय पहाटे. बॅरीकडून."

करुणाने कपाळावर हात मारला.

"काय झालं?"

"काल संध्याकाळी मीपण एक टाकला, बाबा. बॅरीकडूनच. तुम्ही असं झुरत परत जावं, हे मला सहन होईना."

सदानंदांना हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी. पण कागदावर खोटं चढलं की पुढे काय होतं, हे मी तीस वर्षं बघितलंय. चल."

"काम बंद होईल, बाबा."

"होऊ दे. तिने रिपोर्ट पाठवायच्या आत गाठू."

दोघं जवळजवळ धावतच परतले. निहारिका काठावर बसून वहीत एकेका ओळीत एकेका माशाचं माप उतरवत होती. सदानंदांनी दम घ्यायलाही वेळ लावला नाही.

"लिहू नकोस. यातला एक मासा मी टाकलाय. आणि एक हिने. आमची चूक झाली."

निहारिकाचा चेहरा पडला. मग तिने वहीतल्या एका ओळीवर काट मारली. खालच्या ओळीवर दुसरी मारली. आणि पेन थांबलं.

"मग हा तिसरा कुणाचा, अंकल?"