गाडीतल्या चिठ्ठ्यांचा गोंद

मला लायसन्स मिळून वर्ष झालं, तरी नवऱ्याने गाडीत चिकटवलेल्या चिठ्ठ्या तशाच होत्या. ‘आरसा बघ.’ ‘क्लच हळू सोड.’ आज सगळ्या उपटून काढल्या. मेला गोंद मात्र दारांच्या कापडातच बसला. निलगिरीचं तेल लावून घासघास घासत होते.

“कशाला काढतेस? तुझ्याच भल्यासाठी लावल्या होत्या,” तो म्हणाला. “उतर, गाडी सावलीत मी लावतो. भिंतीजवळ तुला जमायचं नाही.”

उतरले. खिडकीतून माझ्याकडे बघत, स्टिअरिंग कसं धरायचं ते शिकवत, त्याने गाडी रिव्हर्समध्ये थेट भिंतीवर घातली.

“तू मध्ये बोललीस म्हणून!”

मी चकार शब्द काढला नव्हता.

त्याच्या बाजूच्या दारावरचा गोंद घासायचा राहिला होता. चुरगळलेली ‘मागे बघ’ची चिठ्ठी सरळ करून मी तिथेच दाबून लावली.

छान चिकटली.