देव देईल ती लेकरं

लग्नाआधीच्या भेटीत फादरांनी दोघांना विचारलं, "देव देईल ती लेकरं आनंदानं स्वीकाराल?" याला 'नाही' म्हटलं, तर चर्चमध्ये लग्न लागत नाही.

सायमन आठांत थोरला, आग्नेस सातांत. त्यांची ओळखही मेहकरच्या या चर्चबाहेरच झाली होती, रडणारी भावंडं कडेवर घेऊन रविवारची मिस्सा-प्रार्थना संपायची वाट पाहताना. आपल्याला मूल नको, हे त्यांनी तिथंच ठरवलं होतं.

सायमन काही बोलायच्या आत आग्नेस म्हणाली, "हो, फादर."

बाहेर येताच तो चिडला. "फादरसमोर खोटं काऊन बोलली?"

"खोटं नाही बोलली. तुह्या मायले पुन्हा सातवा महिना लागला. लेकरू होयाच्या आधी सून घरात आणाची तिले एवढी घाई काऊन आहे, समजत नाही काय तुले?"