तिसरी प्रत

वादळात गेलेली वीज परतली आणि पूरनियंत्रण कचेरीतला संगणक पुन्हा सुरू झाला. पाणी खुणेवर गेलं की भोंगा वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या तीन प्रती, प्रत्येक नदीची एक, त्याने आपोआप उठवायच्या. आता दोनच उठल्या. लिझेल तिसरी उठवायला कीबोर्डवर बसली. तिसरी तिने परवा हाताने चालू केली होती. संगणकाला, सुरू होताना तिलाही उठव, हे सांगायचं राहूनच गेलं. लिझेलची लेक त्याच तिसऱ्या नदीकाठी आजीकडे होती. टाइप करता करताच तिने फोन लावला. “आई, पोरीला घेऊन टेकडीवर जा.” “सुकट तळतेय गं. भोंगा तरी वाजलाय का?” “भोंगा बंद पडलाय.” “तूच बसवलास ना? मग वाजेलच, भित्री भागूबाई.” तिसरी प्रत उठली. लगेच फोनमधून भोंगा केकाटला. कढई आपटली. आई ओरडली, “मायुमी, चप्पल राहू दे, कडेवर ये.”