दोन हजेऱ्या

हैदराबादच्या काचीगुड्याहून स्वयंसेवकांची बस निघाली की दिगंबरराव हजेरीची वही उघडत. सरकारी नोकरी संपली, सवय संपली नव्हती. डोंगरावरच्या त्या गावात शाळेची खोली बांधायला शुक्रवार-शनिवार धरून अकरा खेपा झाल्या, तरी भिंत कमरेच्या वर जाईना. तेजस एक वीट ठेवी आणि तिचे पाच फोटो काढी. शर्वरीला दर विटेमागे हात धुवायला पाणी लागे. दिगंबरराव बोलले की ती हसून म्हणे, "अंकल, टेन्शन नक्को! होतंय की हळूहळू."

शेवटी वैतागून ते गावच्या मडावी टीचरकडे गेले. "बाई, आमच्या या मंडळींचं काही खरं नाही. तुमची मुलं शिकायची तरी कधी?"

टीचरनी त्यांच्यापुढे शाळेची हजेरी ठेवली. अकरा शुक्रवार, अकरा शनिवार, आणि सगळ्यांवर एकच शेरा: 'शाळा बंद. खोली बांधणारे आले.'

"झाडाखाली वर्ग रोज भरतो, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही येता ते दिवस सोडून."

खाली ओढ्यावरून अख्खी चौथी रांगेनं चढत होती, सिमेंटचं आणि शर्वरीच्या हातांचं पाणी डोक्यावर घेऊन.