शतावरीचे कोंब

सासूबाई नव्या घरी पहिल्यांदाच राहायला आल्या म्हणून मृण्मयीने जेवणाआधी हौसेने दोन बशा मांडल्या. लोण्यात परतलेले हिरवे कोंब आणि वर मऊसर उकडलेलं अंडं.

"हे गं काय?"

"शतावरी, आई."

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांना शतावरी ठाऊक होती ती पोटुशीला दुधातून द्यायची. "कितवा महिना लागला?"

लग्नाला सात वर्षं झाली होती. मृण्मयीचा घास हातातच राहिला. "तसं काही नाही, आई. ही विलायती शतावरी, नुसती भाजी आहे."

सासूबाईंनी चमच्याने अंडं फोडलं. पिवळा बलक हळदीसारखा कोंबांवर ओघळला.

"माझी तीन बाळंतपणं झाली, पण शतावरी कुणी हातावर ठेवली नाही. आज सुनेनं दिली. खा गं, निवतंय."